अरण्यसीमेवरील घर : विक्रेय काय आणि अविक्रेय काय?

वृत्तपत्रांतील जाहिरातींच्या स्तंभांत एका विशिष्ट प्रकारच्या मालमत्तेची जाहिरात वारंवार आढळते. तीन-चार एकर जमीन, तीवर एक लहानसे कौलारू घर, बांधालगत नैसर्गिक अरण्य, जवळपास वस्ती नाही, संपूर्ण एकांत. आणि इतके असूनही मुंबई किंवा पुणे येथून मोटारीने काही तासांत पोहोचता येईल असे स्थान. ही जाहिरात बारकाईने वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. तीत घराच्या भिंतींविषयी किंवा जमिनीच्या मगदुराविषयी फारसे काही नसते. जे असते ते अरण्याविषयी, शांततेविषयी, पाखरांविषयी आणि समोरच्या डोंगराविषयी. म्हणजे विक्रेता ज्या गोष्टींचे वर्णन करून किंमत मागतो, त्यांपैकी बहुतेक गोष्टी त्याच्या मालकीच्या नाहीत. आणि ज्या गोष्टी त्याच्या मालकीच्या आहेत, त्यांच्यासाठी कोणी तेवढी किंमत देणार नाही.

ही विसंगती वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु भूमिविषयक अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती मूलगामी आहे. मालकीहक्काची सीमा आणि उपभोगाची सीमा या दोन भिन्न रेषा असल्या, तर किमतीचा अर्थ काय, तिच्या मोबदल्यात नेमके काय हस्तांतरित होते, आणि या दोन रेषांमधील अंतराचा भार शेवटी कोणावर पडतो, या प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. विवेचनासाठी सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरील प्रदेश, म्हणजे कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राचा घाटमाथा, डोळ्यांसमोर ठेवला आहे. सोयीसाठी आपण तीन एकरांचे एक काल्पनिक घर घेऊ आणि त्याच्याशी संबंधित वस्तूंचे तीन वर्ग पाडू : हद्दीच्या आतील, हद्दीवरील आणि हद्दीबाहेरील.

१. हद्दीच्या आतील वस्तू

हद्दीच्या आत काय आहे हे सांगणारे प्रमुख कागद म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, फेरफाराची नोंद आणि मोजणीचा नकाशा. ज्याला आपण सातबारा म्हणतो तो उतारा जमीन महसुलाच्या प्रयोजनासाठी निर्माण झाला. त्यात भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा, पिके आणि 'इतर हक्क' या सदराखालील बोजे यांची नोंद असते. झाडांच्या सावलीची किंवा शांततेची नोंद त्यात असण्याचे कारण नाही. तरीही अरण्यालगतच्या जमिनीच्या बाबतीत या कागदांचा अर्थ लावणे इतरत्र लागते त्याहून अधिक कठीण असते. कारण या जमिनीवर किमान तीन कायद्यांची छाया एकाच वेळी पडलेली असते.

पहिला कूळकायदा. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्या व्यक्तीस, काही अपवाद वगळता, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. या तरतुदीचा भंग करून झालेला व्यवहार अवैध ठरविण्याची आणि तशी जमीन सरकारजमा करण्याची व्यवस्था त्याच अधिनियमाच्या कलम ८४-क मध्ये आहे. शहरातील नोकरदार गृहस्थाला जाहिरातीतील घर आवडले, एवढ्याने तो खरेदीस पात्र होत नाही.

दुसरा तुकडेबंदीचा कायदा. १९४७ च्या या अधिनियमाने प्रत्येक क्षेत्रासाठी प्रमाणभूत क्षेत्राची कल्पना आणली आणि त्याहून लहान तुकड्याच्या हस्तांतरणास प्रतिबंध केला. प्रमाणभूत क्षेत्राचे आकडे आणि नियमांचे स्वरूप वेळोवेळी बदलले आहे. म्हणून मोठ्या गटातून काढून दिलेला हिस्सा विकत घेताना तो हिस्सा कागदोपत्री स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे की केवळ कुंपणाने दाखविलेला आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

तिसरी छाया वनविषयक कायद्यांची, आणि ती सर्वांत गडद आहे. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमान्वये ३० ऑगस्ट १९७५ या नियत दिवशी राज्यातील खाजगी वने शासनाकडे निहित झाली. कोणती जमीन 'खाजगी वन' होती याविषयीचे वाद मात्र त्या दिवशी संपले नाहीत. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली पूर्वी केव्हातरी काढलेली नोटीस त्या जमिनीस लागू होती काय, हा प्रश्न कित्येक दशकांनी उपस्थित झाला. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या निकालात असे ठरविले की, नोटीस नुसती काढली जाणे पुरेसे नाही, ती मालकावर रीतसर बजावली गेलेली असली पाहिजे. निकाल मालकांच्या बाजूने लागला, हे खरे. परंतु जमिनीचा प्रकार निश्चित होण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागू शकतात, हा त्यातील बोध खरेदीदाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

याखेरीज १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमाचा संबंध येतो. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातील सामान्य अर्थाप्रमाणे घ्यावा, मालकी कोणाचीही असो, असा आदेश दिला. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती मर्यादित करण्याचा प्रयत्न झाला. तथापि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने जुना व्यापक अर्थच तूर्त पाळण्यास सांगितले. याचे तात्पर्य असे की, जाहिरातीत 'जमिनीवरच घनदाट झाडी' असे जे भूषण म्हणून सांगितले जाते, तेच जमिनीच्या उपयोगावर निर्बंध येण्याचे कारण ठरू शकते. वन जितके खरे, तितका मालकाचा हक्क संकोचित. आणि हक्क जितका निर्वेध, तितके ते वन शंकास्पद. या दोहोंची एकाच वेळी पूर्ण हमी देणारा विक्रेता आपल्या वस्तूविषयी अज्ञानी तरी असतो, नाही तर अप्रामाणिक तरी.

२. हद्दीवरील वस्तू : वाट आणि पाणी

एकांतातील घराचे वैशिष्ट्य असे की, तेथे जाणारी वाट बहुधा दुसऱ्याच्या जमिनीतून जाते. वाट दुसऱ्या शेतकऱ्याच्या रानातून जात असेल, तर १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे वीस वर्षांच्या उघड, शांततापूर्ण आणि अखंड वहिवाटीने तिचा हक्क प्राप्त होऊ शकतो. जमीन शासनाची असेल तर ही मुदत तीस वर्षांची आहे. परंतु वाट राखीव वनातून जात असेल तर गणित पालटते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २३ अन्वये राखीव वनात वारसाने किंवा शासनाच्या लेखी अनुदानाने अथवा कराराने मिळालेल्या हक्काव्यतिरिक्त कोणताही नवा हक्क उत्पन्न होत नाही. म्हणजे त्या वाटेने तीन पिढ्या गाड्या गेल्या असल्या, तरी वन राखीव झाल्यानंतरच्या काळातील वहिवाट कितीही दीर्घ असो, ती हक्कात परिणत होत नाही. उलट, पर्यायी वाट उपलब्ध असल्यास शासनाच्या पूर्वमंजुरीने वनाधिकारी अशी वाट बंद करू शकतात, असे कलम २५ सांगते.

येथे अभ्यासकांनी एका जुन्या दप्तराकडे लक्ष द्यावे, असे सुचवावेसे वाटते. एखादे अरण्य राखीव घोषित करण्यापूर्वी वनजमाबंदी अधिकारी लोकांचे दावे मागवीत, त्यांची चौकशी करीत आणि मान्य झालेले हक्क नोंदवीत. ठरलेल्या मुदतीत ज्याने दावा केला नाही, त्याचा हक्क सामान्यतः लुप्त झाला. मात्र जो हक्क मान्य झाला आणि एखाद्या जमिनीशी किंवा घराशी संलग्न म्हणून नोंदला गेला, तो कलम २४ प्रमाणे त्या जमिनीबरोबर किंवा घराबरोबर विकताही येतो. तेव्हा अरण्यालगतच्या घराची खरी संपत्ती पुष्कळदा घराच्या तुळयांत नसून त्या जुन्या नोंदीतील एका ओळीत असते. ती ओळ असेल तर वाट आहे. नसेल तर आज वापरात असलेली वाट ही केवळ सहन केली गेलेली सवलत आहे.

पाण्याची स्थितीही अशीच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस विपुल पडतो. महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक. परंतु हा पाऊस चार महिन्यांत पडतो, उतार तीव्र असतात, आणि खालचा बेसाल्ट खडक पाणी साठवितो तो मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांत. त्यामुळे श्रावणात जेथे ओहोळ खळाळतात तेथेच वैशाखात घागर भरावयास पायपीट करावी लागते. घराजवळचा झरा टिकून राहतो तो वरच्या उतारावरील माती आणि झाडोरा टिकून राहतो म्हणून. आणि तो उतार बहुधा दुसऱ्याचा असतो. कायद्याची भूमिका येथे स्पष्ट आहे. निश्चित प्रवाहातून न वाहणारे भूपृष्ठावरील पाणी आणि निश्चित मार्गाने न जाणारे भूगर्भातील पाणी यांवर वहिवाटीने हक्क मिळत नाही, असे सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १७ मध्ये म्हटले आहे. घर विकले जाते, झरा दाखविला जातो, परंतु झऱ्याचे सातत्य विकले जात नाही.

३. हद्दीबाहेरील वस्तू : एकांताचे गणित

आता जाहिरातीतील मुख्य वस्तूकडे, म्हणजे एकांताकडे वळू. 'तीन एकरांत एकच घर' हे वाक्य ऐकण्यास भारदस्त वाटते. परंतु तीन एकर म्हणजे १२० गुंठे, अथवा सुमारे १.२१ हेक्टर. ही जमीन चौरसाकृती मानली तर तिची बाजू अवघी ११० मीटर भरते. घर अगदी मध्यभागी बांधले तरी चारही दिशांना हद्द सुमारे ५५ मीटरांवर आहे. शेजारच्या तीन एकरांच्या मध्यभागी दुसरे घर झाले, तर दोन घरांमधील अंतर ११० मीटर राहील. खेड्यातील पाटलाच्या वाड्यापासून देवळापर्यंतचे अंतरही बहुधा याहून कमी नसते.

समजा, त्या दुसऱ्या घराच्या अंगणात एखाद्या सायंकाळी ध्वनिक्षेपक लावला, आणि एक मीटर अंतरावर त्याची पातळी ९० डेसिबेल आहे. मोकळ्या जागेत ध्वनी सर्व दिशांना सारखा पसरतो असे धरले, तर अंतर दुप्पट होईल तेव्हा पातळी सहा डेसिबेलने उतरते. या हिशेबाने ११० मीटरांवर ती सुमारे ४९ डेसिबेल राहील. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल आहे. म्हणजे शहरातील वस्तीसाठी ठरविलेली मर्यादाही येथे ओलांडली जाईल. अरण्यातील शांत रात्रीची पातळी ३० डेसिबेलच्या आसपास धरली, तर त्या आवाजाने त्या पातळीपर्यंत उतरण्यास सुमारे एक किलोमीटर अंतर लागेल. झाडी, जमिनीचा चढउतार आणि वारा यांमुळे प्रत्यक्षात हे अंतर कमीअधिक होईल. परंतु परिमाणाचा अंदाज येण्यास एवढे पुरेसे आहे.

एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४ हेक्टर, म्हणजे सुमारे ७७६ एकर होते. याचा अर्थ असा की, तीन एकरांचा मालक ज्या एकांताचा उपभोग घेतो, तो त्याच्या तीन एकरांत निर्माण झालेला नसून आजूबाजूच्या सुमारे पावणेआठशे एकरांत कोणी काही करीत नाही यामुळे निर्माण झाला आहे. खरेदीखतात जी जमीन लिहिली आहे तिच्या अडीचशे पटींहून अधिक जमिनीवरील संयमाचा लाभ तो घेतो, आणि त्या संयमाचा उल्लेख खरेदीखतात कोठेही नसतो. दृश्याच्या बाबतीतही हेच आहे. केवळ आनंददायी असलेल्या दृश्यासाठी शेजाऱ्याविरुद्ध दाद मागता येत नाही, हे तत्त्व इंग्लंडमध्ये इ. स. १६१० च्या आल्ड्रेड प्रकरणापासून रूढ आहे. समोरचा डोंगर हिरवा राहावा असा आग्रह खिडकीच्या मालकाला हक्काने धरता येत नाही.

४. किमतीचा उगम

मग या घराला किंमत येते ती कशामुळे? रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार जमिनीचा खंड तिच्या मगदुराच्या तारतम्यातून उत्पन्न होतो. फॉन थ्यूनेनने १८२६ मध्ये त्यात बाजारपेठेपासूनच्या अंतराची भर घातली : अंतर वाढते तसा वाहतुकीचा खर्च वाढतो आणि खंड घटतो. अरण्यालगतच्या घराच्या बाबतीत हे दोन्ही नियम उलटे झालेले दिसतात. जमीन वरकस, मगदूर हलका, बाजारपेठ दूर. आणि तरीही किंमत चढती. परंतु ही उलटापालट भासमान आहे. येथे परस्परविरोधी दोन चढउतार एकाच वेळी कार्य करीत असतात. शहरापासून दूर जावे तसा एकांत वाढतो, परंतु पोहोचण्याचा त्रासही वाढतो. ज्या पट्ट्यात एकांत पुरेसा आणि त्रास सुसह्य असतो, तेथे किंमत शिखर गाठते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. अशा घटनांनी त्रासाचा उतार सौम्य होतो आणि शिखर शहरापासून आणखी दूर सरकते. त्या मागोमाग घरे सरकतात; आणि घरांमागोमाग एकांताला सरकावे लागते.

वस्तूची किंमत तिच्या निरनिराळ्या गुणांच्या गर्भित किमतींत विभागून पाहण्याची पद्धत शेर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये सुव्यवस्थितपणे मांडली. तिचा उपयोग करून घराच्या किमतीतील अरण्यसान्निध्याचा वाटा काढता येतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी असे प्रयत्न करणे इष्टच आहे. परंतु या पद्धतीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ती आजच्या गुणाची आजची किंमत सांगते. तो गुण उद्या राहील काय, हे सांगत नाही. या दुसऱ्या प्रश्नासाठी फ्रेड हर्श यांच्या १९७६ मधील विवेचनाकडे वळावे लागते. हर्श यांनी अशा वस्तूंचा एक वेगळा वर्ग कल्पिला की, ज्यांचे समाधान इतरांकडे त्या नाहीत यावर अवलंबून असते. सगळेच टाचा उंचावून उभे राहिले तर कोणालाच अधिक दिसत नाही. अरण्याकाठचे एकान्त घर हे या वर्गाचे निर्दोष उदाहरण आहे. पहिल्या खरेदीदाराला मिळालेली वस्तू दहाव्या खरेदीदाराला मिळत नाही. एवढेच नव्हे, तर दहाव्याच्या खरेदीनंतर ती पहिल्याजवळही उरत नाही.

५. संयम विकत घेता येतो काय?

एकांत हा इतरांच्या संयमाचा परिणाम असेल, तर तो संयमच विकत का घेऊ नये? रोनाल्ड कोस यांच्या १९६० मधील प्रसिद्ध निबंधाचा आधार घेऊन असे म्हणता येईल की, हक्क स्पष्ट असतील आणि व्यवहाराचा खर्च नगण्य असेल, तर शेजारी आपापसांत करार करून योग्य व्यवस्था गाठतील. कायद्यातही यास वाव आहे. शेजाऱ्याने आपल्या जमिनीवर अमुक करू नये असा करार करता येतो. आणि त्या कराराची माहिती असणाऱ्या पुढील खरेदीदारावरही तो काही मर्यादेत बंधनकारक होतो, हे तत्त्व लंडनमधील एका चौकातील बागेवरून उद्भवलेल्या १८४८ च्या टल्क विरुद्ध मॉक्सहे या निकालाने प्रस्थापित झाले आणि आपल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४० मध्ये त्याचे प्रतिबिंब आहे.

परंतु पावणेआठशे एकरांचा हिशेब येथे आड येतो. तीन-तीन एकरांचे तुकडे धरले तर तेवढ्या क्षेत्रात सुमारे २५८ मालमत्ता बसतात. इतक्या मालकांशी, त्यांच्या सहहिस्सेदारांशी आणि वारसांशी वाटाघाटी करणे एका घरमालकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय इतरांनी करार केले की आपल्याला लाभ आपोआप मिळेल, या हिशेबाने प्रत्येक जण वाट पाहत बसतो. बाजार येथे वस्तूची किंमत ठरवितो, परंतु वस्तू टिकविण्याची व्यवस्था निर्माण करू शकत नाही.

उरतो तो शासकीय निर्बंध. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान परिसर २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. संपूर्ण पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन कार्यगटाने २०१३ मध्ये अहवाल दिले. त्यानंतर २०१४ पासून केंद्र शासनाने प्रारूप अधिसूचना वारंवार काढल्या. ३१ जुलै २०२४ च्या सहाव्या प्रारूपात एकंदर ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित होते, आणि त्यांपैकी १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातील होते. या प्रारूपात खाणी, औष्णिक वीजकेंद्रे आणि अतिप्रदूषक उद्योग यांच्याबरोबर ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या नगररचना प्रकल्पांना मनाई प्रस्तावित होती.

या ५० हेक्टरांच्या मर्यादेकडे किंचित थांबून पाहावे. पन्नास हेक्टर म्हणजे सुमारे १२३.५ एकर. एकाच विकासकाने तेवढ्या जमिनीवर वसाहत उभारावयाची म्हटली तर ती या मनाईत सापडते. परंतु तेवढ्याच जमिनीत तीन एकरांची ४१ घरे, ४१ निरनिराळ्या खरेदीदारांनी, ४१ निरनिराळ्या वर्षी बांधली, तर त्यांपैकी एकही या कलमात सापडत नाही. मोठ्या आघातासाठी कायदा आहे. लहान आघातांच्या बेरजेसाठी तो तोकडा आहे. अशा प्रदेशाचे स्वरूप बहुधा अशा बेरजेनेच बदलते, आणि त्या बेरजेतील प्रत्येक पद स्वतःला निरुपद्रवी समजत असते.

संयमाची तिसरी एक परंपरा आपल्याच भूमीत आहे, तिचा उल्लेख टाळता येत नाही. ती देवराईची. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केला. त्यांचा यासंबंधीचा शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. देवराईत संयम विकत घेतलेला नाही आणि केवळ वरून लादलेलाही नाही; गावाने तो देवाच्या नावाने स्वतःवर घालून घेतला. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० मध्ये सामूहिक संसाधनांच्या व्यवस्थापनाविषयी जे सिद्धांत मांडले, त्यांतील मुख्य अट अशी की, नियम पाळणाऱ्यांचा नियम करण्यात वाटा असावा. देवराई या अटीस उतरते. आठवड्यातून दोन दिवस येणारा घरमालक त्या गावाचा घटक होतो काय, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

६. तुटीचा भार कोणावर?

किंमत एका वस्तूची आणि हक्क दुसऱ्या वस्तूचा, यामुळे जी तूट पडते तिचा काही भार खरेदीदारावर पडतो, हे उघड आहे. वणव्याचा धोका आणि उतारावरील दरड यांचाही त्यात समावेश होतो. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दुर्घटनांनी डोंगरपायथ्याच्या वस्तीचे भय पुरेसे स्पष्ट केले आहे. अरण्याचे सान्निध्य म्हणजे अरण्यातील रोगांचेही सान्निध्य. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर अरण्यात प्रथम ओळखला गेलेला, गोचिडीमार्फत पसरणारा माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात उद्भवला.

परंतु खरेदीदार निदान स्वेच्छेने आलेला असतो, आणि त्याला परत जाण्यास शहर असते. अधिक मोठा भार पडतो तो ज्यांची संमती कोणी विचारली नाही त्यांच्यावर. त्या तीन एकरांतून धनगरवाड्याची किंवा ठाकरवाडीची पायवाट गेलेली असते. तिने गुरे रानात जातात, बाया सरपणासाठी जातात, मुले शाळेत जातात. ही वाट बहुधा नकाशावर नसते. जुना मालक गावचाच असल्याने त्याने ती कधी अडविली नाही. नवा मालक एकांतासाठी पैसे मोजून आलेला असतो. म्हणून तो प्रथम कुंपण घालतो. गावकऱ्यांना कायद्याचा आधार नाही, असे नाही. परंतु मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये दाद मागावयाची तर अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. वहिवाटीचा हक्क सांगावयाचा तर वीस वर्षांची वहिवाट दाव्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असली पाहिजे. ज्या वाडीत कागद वाचून दाखविण्यास माणूस शोधावा लागतो, तेथे सहा महिने कसे निघून जातात ते कळतही नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट दोन पावसाळ्यांत कायद्याच्या दृष्टीने नाहीशी होऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील सामूहिक हक्कांना मान्यता दिली, हे मोठेच कार्य झाले. परंतु वनापर्यंत पोहोचविणारी वाट खाजगी जमिनीतून जात असेल, तर त्या हक्काच्या दाराशीच कुंपण उभे राहते.

येथे एक कटू सत्य नमूद करावे लागते. खरेदीदाराने ज्या एकांतासाठी किंमत दिली, तो या वाडीतील लोकांनी अरण्य राखल्यामुळे, निदान ते संपविले नाही म्हणून, शिल्लक राहिला होता. त्या किमतीतील एक रुपयाही त्यांच्याकडे गेला नाही. गेली ती त्यांची वाट.

७. समारोप

वरील विवेचनाचा अर्थ अरण्यालगत घर घेऊच नये असा नाही. तेथे राहणारा मनुष्य त्या परिसराचा उत्तम राखणदारही होऊ शकतो. मुद्दा इतकाच की, अशा व्यवहाराचे स्वरूप इतर जमीनखरेदीहून भिन्न आहे, हे ओळखले पाहिजे. येथे हद्दीच्या आतील वस्तू विकली जाते, हद्दीवरील वस्तू सिद्ध करावी लागते, आणि हद्दीबाहेरील वस्तू फक्त सांभाळता येते. ती सांभाळण्याचे साधन खरेदीखत नसून शेजार आहे.

आपल्या विभागातील संशोधकांना या विषयात पुष्कळ काम करण्यासारखे आहे. एखाद्या तालुक्यातील वनसीमेलगतच्या गटांचे फेरफार काढून जमीन कोणत्या वर्षी, किती तुकड्यांत आणि कोणाकडून कोणाकडे गेली, हे दाखविता येईल. त्याच गावांतील जुन्या वनजमाबंदीच्या नोंदी आणि प्रत्यक्षातील वाटा यांची तुलना करता येईल. आणि किमतीतील अरण्यसान्निध्याचा वाटा काढून, त्यातून वन राखणाऱ्या गावास काही अंश कसा देता येईल, याचा विचार करता येईल. हे काम विलंबाने करून चालणार नाही. कारण ज्या वाटेविषयी आज वाडीतील एखादी वृद्ध व्यक्ती साक्ष देऊ शकते, ती वाट कुंपणापलीकडे गेल्यावर तिचा पुरावा कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.